साबणाचे लाकडी साचे घरी बनवताना मापं कशी धरावीत: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

कोल्ड प्रोसेस साबणासाठी (तेल आणि कॉस्टिक सोड्याचं द्रावण न शिजवता मिसळून साच्यात ओततात तो) घरी बनवलेले तीन लाकडी साचे काही महिने नियमित वापरात आहेत. पहिला पाइनच्या १८ मिमी फळ्यांचा, स्क्रूने कायमचा जोडलेला लांबट साचा. दुसरा त्याच आतल्या मापाचा, पण १२ मिमी प्लायचा आणि विंग नट (हाताने फिरवायचे पंखवाले नट) सोडले की सुटा होणारा. तिसरा पसरट, म्हणजे स्लॅब. रोजच्या कामात दुसरा सगळ्यांत उपयोगी ठरला. पहिला चालतो, पण ओल्या हवेत त्रास देतो. स्लॅबचा वापर ठरावीक कामापुरताच राहिला. असं का झालं, हे मापांवरूनच कळतं, म्हणून इथे मुख्यतः मापांबद्दल लिहिलं आहे.

साचा बनवताना आधी हातात लाकूड घेतलं जातं आणि मग त्यात किती साबण मावतो ते मोजलं जातं. हा क्रम उलटा हवा. आधी वडी ठरवायची, वडीवरून साच्याची रुंदी आणि भरायची उंची काढायची, किती वड्या हव्यात त्यावरून लांबी, आणि रेसिपी सगळ्यांत शेवटी. कटर आधीच घेतलेला असेल, तर त्यातून किती रुंद आणि किती उंच लादी (साच्यातून निघालेला अख्खा साबण) जाते तेही याच टप्प्यावर मोजून घ्यावं. तारेच्या कटरमध्ये दोन मिलिमीटरने अडकणारी लादी म्हणजे दर वेळी कडा तासत बसणं.

लांबट साच्यांसाठी ताज्या वडीचं माप ८.५ × ६.५ सेमी आणि जाडी २.५ सेमी धरली. कापल्यावर अशी वडी साधारण १४० ग्रॅम भरते. मुरताना पाणी उडून वजन दहा-बारा टक्क्यांनी उतरतं आणि वडी तिन्ही बाजूंनी थोडी आकसते. चार ते सहा आठवड्यांनी ती ८.२ × ६.३ × २.४ सेमीच्या आसपास येते आणि वजन १२५ ग्रॅमच्या जवळ. खोके किंवा वेष्टन करायचं असेल तर मुरलेल्या वडीचं माप घ्यावं, साच्याचं नाही. मुरल्यावर १०० ग्रॅमची वडी हवी असेल तर ७.५ × ६ × २.५ सेमी, म्हणजे सुमारे ११२ घन सेमी, हे माप बरोबर बसतं. लहान हातांना हीच वडी जास्त सोयीची.

दहा वड्यांना २५ सेमी लागतात. दोन्ही टोकांच्या कडा नेहमीच थोड्या ओबडधोबड असतात, त्या तासायला प्रत्येकी अर्धा सेमी धरला की आतली लांबी २६ सेमी होते. आतली रुंदी ६.५. भिंतींची आतली उंची मात्र भरायच्या उंचीएवढी ठेवू नये. ८.५ सेमी भरायचं असेल तर भिंत १०.५ सेमी हवी. वरचे दोन सेमी वरचा थर चमच्याने उंचसखल करायला, झाकण टेकवायला आणि साबण तापून फुगला तर लागतात. मध किंवा दूध घातलेल्या साबणात हे दोन सेमी खरोखर उपयोगी पडतात.

आता यात तेल किती? नेहमीचं सूत्र असं: घन इंचात आकारमान काढून ०.४० ने गुणलं की तेलांचं वजन औंसात मिळतं. सेंटिमीटर आणि ग्रॅममध्ये तेच ०.६९ होतं. २६ × ६.५ × ८.५ म्हणजे १४३६ घन सेमी, त्याला ०.६९ ने गुणलं की ९९१ ग्रॅम तेल. आकडा सोयीचा आहे, पण तो पाण्याच्या एका विशिष्ट प्रमाणापुरताच खरा आहे आणि ही गोष्ट बहुतेक ठिकाणी सांगितलीच जात नाही. १००० ग्रॅम तेलाला साधारण १४० ग्रॅम कॉस्टिक धरू. पाणी तेलाच्या ३८ टक्के घेतलं, म्हणजे कॉस्टिकचं द्रावण सुमारे २७ टक्क्यांचं झालं, तर सगळं मिश्रण १४९० घन सेमीच्या आसपास जागा घेतं. ३३ टक्क्यांच्या द्रावणात तेच १४०० च्या आसपास येतं आणि ४० टक्क्यांच्या द्रावणात १३४० च्या. म्हणजे गुणक ०.६७ पासून ०.७५ पर्यंत सरकतो. वरच्या साच्यात एक किलो तेलाचा साबण २७ टक्क्यांच्या द्रावणात ८.८ सेमी चढतो आणि ४० टक्क्यांच्या द्रावणात ७.९ सेमीवरच थांबतो. तेल तेवढंच, साचा तोच, तरी वडी जवळजवळ एक सेमी बुटकी. वड्यांची उंची दर वेळी वेगळी येत असेल तर साचा पुन्हा मोजण्याआधी पाण्याचं प्रमाण पाहावं.

यातून जी युक्ती हाती लागते ती सूत्रापेक्षा सोपी आणि जास्त भरवशाची आहे. तेल पाण्यापेक्षा हलकं, कॉस्टिकचं द्रावण पाण्यापेक्षा जड. दोन्ही मिसळल्यावर मिश्रणाची घनता पाण्याच्या अगदी जवळ येते, जेमतेम एक-दोन टक्के जास्त. द्रावण २७ टक्क्यांचं असो वा ४० टक्क्यांचं, यात फारसा फरक पडत नाही. म्हणून तेलाच्या वजनाऐवजी मिश्रणाचं एकूण वजन पाहायचं: तेल, पाणी, कॉस्टिक, सुगंध, माती, सगळं धरून. साच्याचं आकारमान जितके घन सेमी, तितके ग्रॅम मिश्रण. लाय कॅल्क्युलेटरमध्ये (तेलांवरून कॉस्टिक आणि पाण्याचं प्रमाण काढून देणाऱ्या साधनात) एकूण वजनाचा आकडा असतोच. तो साच्याच्या आकड्याला जुळेपर्यंत तेलाचं वजन कमी-जास्त करायचं. भांड्याला, ब्लेंडरला आणि स्पॅच्युलाला चिकटून राहणारं मिश्रण भरून काढायला वर २० ग्रॅम धरावेत.

आकारमान मोजायलाही पट्टीवर फार विसंबू नये. घरी बनवलेला साचा तळाशी ६.५ आणि वर ६.७ असा सहज निघतो. साच्याला नेहमीसारखा कागद लावावा, त्यात पातळ प्लास्टिकची मोठी पिशवी नीट बसवावी, भरायच्या खुणेपर्यंत पाणी ओतावं आणि ते पाणी वजनकाट्यावर तोलावं. पाण्याचं जे वजन, तेच मिश्रणाचं एकूण वजन. पिशवी कोपऱ्यांत नीट दाबून बसवली नाही तर खाली पोकळी राहते आणि माप कमी येतं, म्हणून मोजणी दोनदा करावी. मोजून झाल्यावर साचा पूर्ण कोरडा करून मगच वापरावा.

अस्तर किती जागा खातं, हा प्रश्न कागद आणि सिलिकॉनसाठी वेगळा आहे. सिलिकॉनचा लेप असलेला बेकिंगचा कागद जाडीत नगण्यच असतो. अडचण येते ती घड्यांमुळे. एकाच कागदाच्या कोपऱ्यांत घड्या घातल्या की त्या साबणात उमटतात आणि टोकाची वडी वाया जाते. त्यापेक्षा दोन पट्ट्या घ्याव्यात. आडवी पट्टी २५.८ सेमी रुंद आणि ३३.५ सेमी लांब (तळ, दोन्ही भिंती आणि वर दोन्हीकडे तीन-तीन सेमी दुमडायला). लांब पट्टी ६.४ सेमी रुंद आणि ५३ सेमी लांब. आधी आडवी घालायची, मग लांब. रुंदी साच्यापेक्षा एक-दोन मिमी कमी ठेवली की कागद कोपऱ्यात वर उचलला जात नाही. कोपऱ्यातल्या सांधीतून पातळ मिश्रण झिरपतं, त्यामुळे ट्रेस मध्यम आल्यावरच, म्हणजे मिश्रण दाटसर झाल्यावरच, ओतावं. मेणकागद वापरू नये. साबण जेल होताना (स्वतःच्या उष्णतेने तापून अर्धपारदर्शक होताना) आतलं तापमान ६५ ते ८० अंशांपर्यंत जातं, मेण त्याआधीच वितळतं आणि कागद साबणाला घट्ट चिकटतो. साध्या तेलकट कागदाचंही तेच, तो ओला होऊन फाटतो.

सिलिकॉनचं तयार अस्तर वापरायचं असेल तर लाकडी पेटी त्याच्या बाहेरच्या मापावर बेतावी लागते. अस्तराची भिंत ३ मिमी असेल तर ६.५ सेमीच्या वडीसाठी पेटीची आतली रुंदी ७.२ सेमी हवी: दोन्हीकडचे ३ मिमी आणि एकूण १ मिमी सैल. याहून जास्त सैल ठेवलं तर मिश्रणाच्या भाराने सिलिकॉन मध्यभागी फुगतं. मग टोकाची वडी ६.५ आणि मधली ७ सेमी येते, आणि मधल्या वड्या कटरमध्ये अडकतात. पेटी आधीच मोठी झालेली असेल तर सिलिकॉन आणि लाकूड यांच्यामध्ये अॅक्रिलिकची किंवा जाड पुठ्ठ्याची पट्टी पूर्ण लांबीची घालावी. अर्धीच घातली तर जिथे ती संपते तिथे वडीवर पायरी उमटते.

सहा-सात सेमी रुंदीच्या लांबट साच्यात १८ मिमी लाकूड उष्णता छान धरून ठेवतं. वर झाकण आणि एक जाड टॉवेल एवढ्यावर साबण कडेपर्यंत जेल होतो. १२ मिमी प्लायमध्ये थंड हवेत कधी कधी जेल अर्धवट राहतं आणि कापल्यावर मध्यभागी गडद लंबगोल दिसतो, भोवती फिकट कड. साबण म्हणून त्यात काही खोट नाही, पण दिसायला डाग वाटतो. प्लायच्या साच्याखाली लाकडी फळी ठेवून भोवती दोन पदरी टॉवेल गुंडाळला की हा प्रकार थांबतो. उलट, रुंदी वाढवून ८ × ८ सेमीचा चौकोनी साचा केला तर मध्याची उष्णता बाहेर पडायला वाट मिळत नाही. मध, साखर किंवा दूध असलेला साबण अशा साच्यात मधोमध लांबलचक तडकतो, जास्तच तापला तर तडीतून वर येतो. अशा साच्यातला साबण फ्रिजमध्ये ठेवला की झालं, असं वाटतं खरं, पण लाकूड थंडावाही आत लवकर पोचू देत नाही: कडा गार होतात, मध्य तापतच राहतो आणि पुन्हा तोच गडद लंबगोल. दुधाच्या साबणाला अरुंद, कमी खोल साचा घ्यावा, तेल आणि द्रावण दोन्ही गार करून मिसळावं आणि साचा न झाकता जाळीवर ठेवावा.

काही महिन्यांत सगळ्यांत जास्त शिकवलं ते लाकडाच्या हालचालीने. लाकूड त्याच्या तंतूंच्या रेषांच्या दिशेने जवळजवळ बदलत नाही, रेषांच्या आडवं मात्र फुगतं आणि आकसतं. पाइनच्या साच्यातल्या १०.५ सेमी उंच भिंतीत कोरड्या आणि दमट हवेमधला फरक एक मिमीच्या घरात असतो. उंचीतला फरक चालून जातो, कारण आपण खुणेपर्यंतच भरतो. रुंदीतला चालत नाही. पहिल्या साच्यात तळाची पाइनची पट्टी दोन भिंतींच्या मध्ये बसवलेली आहे आणि तिच्या रेषा लांबीला समांतर आहेत, म्हणजे ती रुंदीत फुगते. दमट हवेत तिने दोन्ही भिंती बाहेर ढकलल्या, स्क्रूपाशी बारीक फट पडली आणि तिथून मिश्रण झिरपलं. म्हणून तळ नेहमी प्लायचा असावा. प्लायचे थर एकमेकांना आडवे असल्याने तो रुंदीत हलत नाही. टोकांच्या तुकड्यांच्या रेषा आडव्या, म्हणजे साच्याच्या रुंदीच्या दिशेने घ्याव्यात. उभ्या रेषांचा तुकडा साच्याची रुंदी ऋतूप्रमाणे बदलतो. एमडीएफचा मात्र विचारही करू नये. सांध्यात एकदा ओल शिरली की कड फुगते आणि सुकल्यावरही मूळ जाडीवर परत येत नाही.

कायम जोडलेल्या साच्याची दुसरी अडचण साबण बाहेर काढण्याची. लादी चारही बाजूंनी घट्ट बसलेली असते आणि खाली हवा शिरत नाही, त्यामुळे कागदाला धरून ओढताना कागद फाटतो किंवा लादीच्या कडा चिरडतात. मऊ साबणात, म्हणजे ऑलिव्ह तेल जास्त असलेल्या रेसिपीत, हे हमखास होतं. सुट्या साच्यात विंग नट सैल केले की भिंत सरळ बाजूला येते, लादीला ओढावंच लागत नाही.

सुट्या साच्याचे तुकडे असे कापावेत, सगळे १२ मिमी प्लायचे. दोन भिंती ३३.४ × ११.७ सेमी. दोन टोकं ७.३ × १०.५ सेमी. एक तळ ३३.४ × ७.३ सेमी. भिंतींच्या आतल्या बाजूला खालच्या कडेने १२ मिमी उंच आणि ४ मिमी खोल खाच घ्यायची, तळ तिच्यात बसतो. टोकांसाठी ४ मिमी खोल उभ्या खाचा, एकमेकींपासून आतून २६ सेमीवर. टोकाच्या तुकड्यापलीकडे भिंत दोन्हीकडे अडीच सेमी उरते. तिथे आरपार छिद्र पाडून प्रत्येक टोकाला दोन सहा मिमीच्या आटेदार सळया, त्यांना वॉशर आणि विंग नट. टोकं खाचेत टेकलेली असल्यामुळे नट कितीही आवळले तरी रुंदी ६.५ च्या खाली जात नाही. खाच न घेता नुसते तुकडे मध्ये धरून आवळले तर टोक तिरकं सरकतं आणि टोकाकडची वडी पाचरीसारखी निघते.

खाच कापण्याआधी हातातला प्लाय मोजावा. बारा मिमी म्हणून घेतलेला प्लाय पुष्कळदा त्याहून थोडा पातळ भरतो. खाच प्रत्यक्ष जाडीपेक्षा ०.३ मिमी रुंद ठेवावी. नवा असताना अगदी घट्ट बसणारा तुकडा दमट हवेत खाचेतून निघता निघत नाही. जोडल्यावर दोन्ही कर्ण मोजावेत. २६ × ६.५ च्या साच्यात कर्ण २६.८ सेमी यायला हवेत आणि दोघांत एक मिमीहून जास्त फरक नसावा. भिंत तळाशी काटकोनात आहे का, ते गुण्या लावून पाहावं. भिंती वर आत झुकलेल्या असतील तर कायम जोडलेल्या साच्यातून लादी निघणारच नाही.

धातूच्या बाबतीत तडजोड नको. नट, सळया, बिजागऱ्या, सगळं स्टेनलेस स्टीलचं. अॅल्युमिनियमचे कोन किंवा फॉइल कॉस्टिकच्या संपर्कात आलं तर हायड्रोजन वायू सुटतो आणि धातू खाल्ला जातो. साधं लोखंड गंजतं, आणि लोखंड किंवा तांब्याचा अंश साबणात गेला तर तेल खवट होऊन वडीवर नारिंगी ठिपके येतात. पितळी बिजागरीतही तांबं असतंच. स्क्रूची टोकं आत डोकावत नाहीत ना, हे बोट फिरवून तपासावं. आतल्या बाजूला व्हार्निश किंवा रंग लावू नये, क्षारामुळे तो सुटून साबणाला चिकटतो. आतून लाकूड कोरं ठेवून अस्तरावर भर द्यावा, बाहेरून हवं ते पॉलिश.

स्लॅबचा साचा ३०.६ × २०.६ सेमीचा, खोली ५ सेमी, भरायची उंची ३ सेमी. कडा तासल्यावर ७.५ × ५ × ३ सेमीच्या सोळा वड्या निघतात. वरच्या पृष्ठभागावर नक्षी किंवा रंगांची फिरकी उठवायची असेल तर याला तोड नाही, कारण ती प्रत्येक वडीवर येते. पण मापाच्या चुका इथे फार महाग पडतात. लांबट साच्यात उंचीचा एक मिमी म्हणजे १७ ग्रॅम मिश्रण, स्लॅबमध्ये तोच एक मिमी ६३ ग्रॅम. खाली ठेवलेलं टेबल एका बाजूला तीन मिमी उतरतं असेल तर एका टोकाची वडी दुसऱ्या टोकापेक्षा साधारण आठ टक्के जड भरते. म्हणून ओतण्याआधी दोन्ही दिशांना स्पिरिट लेव्हल ठेवून खाली पुठ्ठ्याचे तुकडे सरकवावेत. पृष्ठभाग जास्त असल्याने उष्णताही लवकर जाते आणि वर पांढरी सोडा अॅशची भुकटी जास्त धरते, तीही प्रत्येक वडीवर. ओतल्याबरोबर झाकण ठेवलं की ती कमी होते. झाकण आणि साबण यांत दीड-दोन सेमी अंतर हवं.

हॉट प्रोसेससाठी हेच साचे चालतात, पण एकूण वजनाचा हिशेब तिथे लागू पडत नाही. शिजताना पाणी उडतं आणि घट्ट लगद्यात पोकळ्या राहतात. साचा हिशेबापेक्षा पंधरा टक्के खोल ठेवावा, लगदा थराथराने दाबून भरावा आणि साचा टेबलावर आपटावा.

साफ करताना पाण्यात बुडवू नये. झिरपलेलं मिश्रण ओलं असताना पुसत बसण्यापेक्षा दोन दिवस सुकू द्यावं, मग प्लास्टिकच्या पट्टीने ते खरवडून सहज निघतं. खाचांतलंही काढावं, नाहीतर पुढच्या वेळी टोक पूर्ण आत बसत नाही आणि रुंदी वाढते.

लहान रेसिपी करायची असेल तर त्याच साच्यात कमी उंची भरू नये. ७०० ग्रॅम तेल ३३ टक्क्यांच्या द्रावणात घातलं तर लादी जेमतेम ५.८ सेमी चढते आणि वडी आडवी, बुटकी होते. त्याऐवजी साच्याची लांबी कमी करावी. ६.४ सेमी रुंद आणि १०.५ सेमी उंच लाकडी ठोकळा एका टोकाला सरकवायचा आणि त्याच्या आतल्या अंगावरूनच कागदाची लांब पट्टी वर घ्यायची. अर्ध्या वजनाला १३ सेमी लांबीचा ठोकळा, पाऊण वजनाला ६.५ सेमीचा. ठोकळा हलका असेल तर मिश्रणाच्या दाबाने मागे सरकतो, म्हणून त्याच्या आणि टोकाच्या मध्ये फट राहू देऊ नये. साच्याच्या बाहेरच्या अंगावर "१ सेमी = १७० ग्रॅम" असं पक्क्या शाईने लिहून ठेवलं आणि टोकाच्या आतल्या बाजूला दर सेमीला पेन्सिलची रेघ मारली, की कोणतीही रेसिपी या साच्यात किती चढेल हे मिश्रण ओतण्याआधीच कळतं. ठोकळा घातलेला असेल तेव्हा हा आकडा उरलेल्या लांबीच्या प्रमाणात कमी धरावा: १३ सेमीला ८५ ग्रॅम.